मदतनीस

शायेच्या मांगं पत्र्याची खोली,
तिथं मी बासष्ट पोट्ट्याईची खिचडी रांधतो.
पुन्याची एक मॅडम तपासनीले आलती, हासली,
"बाई असून रांधतो म्हणता?"
हाव व माय. दर्यापूरच्या इकडं बाई बी ‘मी जातो’,
मानूस बी ‘मी जातो’.
इंग्रजीतला आय तसाच असते, हे मले मागून समजलं.

खोलीले येक खिडकी. खिडकीपल्याड सातवीचा वर्ग,
अन् वाघाडे सर.
आमच्याकडचं पानी खारं, दाय लवकर शिजत नाई,
म्हनून माह्या कानावर व्याकरन जरा जास्तच पडलं.

नुसता शब्दाईचा झुबका म्हंजे फ्रेज, सर म्हनत.
त्यात करनारं कोनी नाई, करनं बी नाई.
‘कडुनिंबाखाली.’ ‘बाजाराच्या दिवशी.’
म्या मनात जोडलं,
‘देवमनची बायको.’

मंग क्लॉज.
त्याले कर्ता असते, क्रियापद असते,
पन एखांदा असा, का दुसऱ्याच्या खांद्यावर
बसल्याबिगर चालतच नाई.
सरनं फयावर लिहलं, व्हेन द मनी कम्स,
अन् खडू ठेवून देल्ला.
"पुढं?" पोट्टे म्हनले.
"तेच तं. पुढं काईच नाई. लटकून राह्यलं."
मले हासू आलं.
चार महिन्यापासून आमचं मानधन
त्याच वाक्यात होतं.

वाक्य चार तऱ्हेचे.
सांगनारं, इचारनारं, हुकमाचं,
अन् येक नुसतं ‘बाप्पा रे!’ म्हननारं.
हुकमाच्या वाक्यात कर्ता लिहतच नाईत.
कुक द राइस. वॉश द प्लेट्स.
यू असते त्यात, पन समजून घ्या लागते.
त्या दिवशी खिचडी खाली लागली.
मोठे गुरुजी आले. खिचडी पाहा. गॅस बारीक करा.
टाकीवर झाकन ठेवा.
म्या मोजलं. दुपारपर्यंत एकोनचाळीस वाक्य,
अन् एकातही मी नाई.
घरी गेल्यावर मोजनं सोडून देल्लं.

संक्रांतीच्या मांगंपुढं सरनं प्रश्न शिकवला.
डू, डज, इज, विल, हे सारे मदतनीस.
सांगाच्या वाक्यात कर्त्याच्या मांगं उभे राह्यतात,
खाली मान घालून.
पन प्रश्न इचाराचा झाला
तं मदतनीसच पुढं येते,
कर्त्याच्याही पुढं.
म्या हातातला झारा खाली ठेवला.
माह्या कागदावर काय लिहलं हाये?
पंचशीला देवमन खंडारे,
स्वयंपाकी तथा मदतनीस.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा.
माईक सरपंचापाशी, बाया सतरंजीच्या काठावर.
रस्ता झाला. नाली झाली. डिजिटल फया आला.
सारे सांगनारे वाक्य, दर पूर्णविरामाले टाया.
मी उठली.
"इज," मी म्हटलं,
अन् पुढचं इंग्रजी आठोलंच नाई.
पोट्टे खो खो हासले. वाघाडे सर
आपल्या चपलीकडं पाहू लागले.
मंग आपल्याच बोलीत इचारलं,
"आमचं मानधन कोन्या तारखीले येईन?"
आपल्या भाषेत मदतनीस पुढं येत नाई,
जिथला तिथंच राह्यते.
म्हनून मीच आलती.

सरपंचानं माईक या हातातून त्या हातात घेतला.
"जवा वरून पैसे येईन..."
अन् थांबले.

मी बसली नाई.

"पुढं?"
मांगून सातवीतली कोनी तरी पोट्टी म्हनली.